‘खरेदीदार तयार आहे’ असा फोन आला तर

आमच्या कपाटात एक हिरवी फाइल आहे. तिच्यात एका हॉलिडे क्लबचं २५ वर्षांचं सभासदत्व आहे, म्हणजे एकदा पैसे भरायचे आणि दरवर्षी काही दिवस क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. २००८ साली नाशिकच्या एका मॉलबाहेर लकी ड्रॉची चिठ्ठी भरली, आठवड्याभरात फोन आला, ‘सर, बक्षीस लागलंय, फक्त मॅडमना सोबत आणायचं.’ बक्षीस म्हणजे सहा काचेचे पेले आणि तीन तासांचं भाषण. येताना आम्ही दोन लाख चाळीस हजारांच्या करारावर सही करून आलो. त्या पेल्यांपैकी दोन अजून शिल्लक आहेत.

सुरुवातीची सात-आठ वर्षं हौसेनं फिरलो. मग ह्यांचे गुडघे बोलायला लागले, दिवाळी-मेमध्ये बुकिंग कधी मिळेना आणि वर्षाचा मेंटेनन्स मात्र न चुकता वाढत गेला. विकून टाकू म्हणून मी इंटरनेटवर दोन ठिकाणी जाहिरात टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये फोन आला.

‘मॅडमजी, आपकी मेंबरशिप का बायर रेडी है. बस आपका कन्फर्मेशन चाहिए.’

त्याला माझं नाव, सभासद क्रमांक, सीझनचा रंग (वर्षातल्या कोणत्या काळात जाता येतं, ते क्लब रंगांनी सांगतो), इतकंच काय, दोन वर्षांचा मेंटेनन्स थकलाय हेही माहीत होतं. किंमत सांगितली तीन लाख पंचेचाळीस हजार. म्हणजे चौदा वर्षं वापरलेली वस्तू लाखभर नफ्यात जाणार! जुनी स्कूटर विकताना मी असल्या गप्पांना हसले असते. पण या फाइलीवर आमचा इतका जीव जळला होता, की कोणीतरी ‘तुमचा पैसा वाया गेला नव्हता’ म्हणतंय, एवढंच ऐकायला बरं वाटलं.

नोंदणी फी पंधरा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी दोन हजार सातशे, एकूण सतरा हजार सातशे. मी पाटबंधारे खात्यात लेखा शाखेत ३१ वर्षं काढली. आकडेमोड चोख होती, पावती छापील होती, आणि मी पैसे पाठवले. हिशेब बरोबर असला की माझ्यासारख्या बाईला व्यवहारही बरोबर वाटतो.

पाचव्या दिवशी दुसरा फोन. ‘रकमेवर १० टक्के टीडीएस लागतो, चौतीस हजार पाचशे भरा, लगेच पूर्ण रक्कम सुटेल.’ तेव्हा मात्र डोक्यात काहीतरी खटकलं. आयुष्यभर मी ठेकेदारांची बिलं काढली. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून घ्यायचा कर, तो आम्ही बिलातून कापायचो आणि उरलेली रक्कम ठेकेदाराला द्यायचो. टीडीएसचे पैसे आणून देणारा ठेकेदार मला ३१ वर्षांत भेटला नव्हता. मी म्हटलं, ‘कापून घ्या आणि बाकीचे पाठवा.’ पलीकडे शांतता. मग ‘सीनियर से बात करवाता हूँ.’ सीनियर आला, आवाज चढवला, आणि सतरा हजार सातशे गेले हे मला तिथेच कळलं.

तेच वाक्य तुम्हीही वापरा. फी म्हणा, टॅक्स म्हणा, स्टॅम्प म्हणा: ‘विक्रीच्या रकमेतून कापून घ्या आणि उरलेले माझ्या खात्यात टाका.’ विकणारी मी आहे, पैसा माझ्याकडे यायचा आहे. खऱ्या दलालाला यात काहीच अडचण नसते. खोट्याकडे मात्र कारणांची रांग असते. कंपनीची पॉलिसी आहे, पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यात, अडकलेत, ही रक्कम रिफंडेबल आहे, खरेदीदार आज रात्री दुबईला चाललाय. रिफंडेबल हा शब्द आला की समजावं, घ्यायचंच आहे.

मागणीची नावं बदलत राहतात. ‘विक्रीवरचा जीएसटी तुम्ही आधी भरा’ म्हणतात. आपण स्वतःच्या वापराचं जुनं सभासदत्व विकणारी साधी माणसं, आपल्याला कोणा दलालाच्या खात्यात आधी जीएसटी भरावा लागत नाही. ‘एनओसीचे पैसे’ मागतात. ना हरकत द्यायची की नाही ते मूळ क्लब ठरवतो, त्याचं शुल्क असलंच तर क्लबच्या खात्यात, क्लबच्या पावतीवर. आणि सर्वात भारदस्त म्हणजे ‘रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स’. वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मधे चुकीचं इंग्रजी. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही आणि त्याचे पैसे अडवून फीही मागत नाही. बँकेनं स्वतः असल्या पत्रांबद्दल लोकांना वारंवार सावध केलंय. कोणी ‘टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ म्हणालं तर फोन तिथेच बंद करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो.

पावती कशी वाचायची ते मी नंतर शिकले, ते जरा सविस्तर सांगते. माझ्या पावतीवर कंपनीचं नाव प्रायव्हेट लिमिटेड, पत्ता अंधेरीचा. खाली जीएसटी क्रमांक. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. माझ्या पावतीवर ०९ होता, म्हणजे उत्तर प्रदेश. त्या दोन आकड्यांनंतरची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर ‘सी’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. जीएसटी क्रमांकात ते सहाव्या जागी येतं. माझ्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’च्या सहाव्या जागी ‘पी’ होता! जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. क्रमांक टाकला, तर नळाच्या फिटिंगचं एक दुकान निघालं. त्या बिचाऱ्या दुकानदाराला आपला नंबर कुठल्या पावतीवर छापलाय याचा पत्ताही नसेल.

हे सगळं पैसे पाठवण्याआधी चार मिनिटांत झालं असतं. पण उलट बाजूही लक्षात ठेवा: क्रमांक बरोबर निघाला म्हणून माणूस खरा ठरत नाही. चांगल्या कंपनीचं नाव, पत्ता, क्रमांक उचलून स्वतःच्या पावतीवर चिकटवणारेही आहेत. म्हणून पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते नाव बघा. पावती कंपनीची आणि खातं कुणा एका माणसाचं, हे माझ्या बाबतीतही होतं. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं. मला दिसलं होतं. मी ‘अकाउंटंट असेल’ अशी स्वतःचीच समजूत काढली.

कंपनी कधी नोंदली गेली, तेही कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं. बारा वर्षांचा अनुभव सांगणारी कंपनी चार महिन्यांपूर्वी जन्मलेली असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

खरं तर विकायचा विचार मनात आला की पहिला फोन मूळ क्लबला करायचा, आणि मी नेमका तोच शेवटी केला. नंबर करारावरून किंवा मेंटेनन्सच्या बिलावरून घ्या. गुगलवर पहिला दिसेल तो घेऊ नका, तिथेही खोटे कस्टमर केअर बसलेले असतात. फोनवर गोड उत्तरं मिळतात, म्हणून ईमेल करा. सभासदत्व दुसऱ्याच्या नावे होतं का, शुल्क किती, किती वर्षं उरलीत, थकबाकी किती, आणि ‘अमुक नावाचा माणूस तुमच्यातर्फे बोलतो म्हणतो, तो तुमचा आहे का’ हे सरळ विचारा. आपल्याकडच्या बहुतेक करारांत आपण खोलीचे मालक नसतो, फक्त ठरावीक वर्षं राहण्याचा हक्क असतो. करारात ‘हस्तांतरण’ किंवा ‘ट्रान्सफर’ शब्दाखाली काय लिहिलंय ते भिंग लावून वाचा. मी चौदा वर्षांत ते पान उघडलं नव्हतं.

आता दुसरा प्रकार, तो जास्त सभ्य दिसतो. पैसे मागत नाहीत, हॉटेलात बोलावतात. ‘ओरिजनल सर्टिफिकेट घेऊन या, खरेदीदार भेटेल.’ तिथे खरेदीदार कधीच नसतो, टाय लावलेली मुलं असतात. तुमचं जुनं सभासदत्व ‘चार लाखांना धरून’ वर दीड लाखाचं नवीन गळ्यात मारतात. माझ्या मैत्रिणीच्या घरात आता अशा दोन फायली आहेत आणि दोन्हींचा मेंटेनन्स येतो. कोणी फोन करून हॉटेलात बोलावलं तर जाऊ नका. जायचंच असेल तर कार्ड, चेकबुक घरी ठेवून जा. मूळ सर्टिफिकेट तर कुणालाही देऊ नका.

कागदांचंही तेच. व्यवहार पक्का होण्याआधी आधार, पॅन, रद्द केलेला चेक, सही केलेला कोरा ट्रान्सफर फॉर्म असं काही व्हॉट्सअपवर पाठवायचं नाही. मी आधार पाठवलं होतं. नंतर आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करत बसावं लागलं. उलट ते तुम्हाला पाठवतात ते चेकचे आणि डिमांड ड्राफ्टचे फोटो. चेकचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत, हे मी, लेखा शाखेतल्या बाईनं, वेगळं सांगावं लागू नये. तरी त्या फोटोकडे मी दोन दिवस बघत होते. आपल्या फोनची स्क्रीन त्यांना दाखवणारं कुठलंही अॅप घ्यायला सांगितलं तर मात्र फोन ठेवून आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा.

पैसे गेलेच, तर घाई तिथे करा. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवण्याची शक्यता असते, पुढे चार खात्यांत पांगले की हाती काही लागत नाही. यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि आपल्या बँकेला लेखी कळवणं. चॅट, पावत्या, नंबर काहीही पुसू नका, रागानं ब्लॉक करून डिलीट तर अजिबात नाही. मी हे सगळं नवव्या दिवशी केलं. मधले दिवस ह्यांना काय तोंड दाखवू या विचारात गेले. पैसे परत मिळाले नाहीत. ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘२००८ मध्ये मी दोन लाख चाळीस घालवले तेव्हा तू बोललीस का?’ बोलले होते, पण त्या दिवशी गप्प बसले.

तुमचं भांडण मूळ क्लबशीच असेल, म्हणजे बुकिंग मिळत नाही, मेंटेनन्स भलताच लावलाय, तर ती वेगळी गोष्ट. त्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्ही तक्रारी एकत्र कालवू नका, कोणीच धड ऐकत नाही.

आणि फसल्यानंतर चार-सहा महिन्यांनी पुन्हा फोन येतो. मला आला. या वेळी अस्सल मराठी, ‘काकू, मी कोल्हापूरचा, तुमच्यासारख्या फसलेल्या लोकांचे पैसे वकिलामार्फत काढून देतो, फक्त कोर्ट फी.’ रक्कम त्याला अगदी बरोबर माहीत होती. ती पोलीस, बँक आणि घरचे सोडले तर फक्त घेणाऱ्यालाच माहीत होती, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

हे फक्त आपल्याकडे नाही. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्या ओळखीत एकांकडे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर दरवर्षी आठवडाभर राहायचं असंच सभासदत्व आहे, त्यांनाही असेच फोन. तिकडे तर या धंद्यात मेक्सिकोतल्या जालिस्को राज्याची ड्रग टोळीच उतरली आहे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं त्याबद्दल बँकांना सावध केलं, तेव्हा एफबीआयचा आकडा दिला होता: २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांचे जवळपास ३० कोटी डॉलर गेले. तिकडेही तसंच, आधी ‘खरेदीदार आहे’, मग टॅक्स, मग पैसे सोडवून देणारा वकील.

मग या फायलीचं करायचं काय? भरले तेवढे पैसे परत मिळतील ही आशा आधी सोडा. फसवणारे तीच आशा धरून येतात. ओळखीतला कोणी फिरणारा असेल तर उरलेली वर्षं कमी किमतीत द्या, पैसे बँकेतून घ्या, आणि ट्रान्सफरचा अर्ज दोघांनी मिळून क्लबकडेच करा. क्लब परत घेतो का तेही विचारा, बहुधा नाही म्हणतील, पण विचारायला काय जातं. करार न वाचता मेंटेनन्स भरणं मात्र बंद करू नका. थकबाकी साचली की ट्रान्सफर अडतं, माझं अडलं होतं.

मी शेवटी थकबाकी भरून आमचं सभासदत्व भाचीच्या नावे केलं. तिची दोन मुलं लहान आहेत, ती जाते. ट्रान्सफरच्या अर्जावर तिनं नवा मोबाइल नंबर दिला होता, तो अजून घरातल्यांनाही पाठ नव्हता. महिन्याभरात तिचा मला फोन आला, ‘मावशी, एक जण म्हणतोय खरेदीदार तयार आहे. तीन लाख ऐंशी देतोय. काय सांगू?’