मलबार ट्री निम्फ हे फुलपाखरू बघायचंय?

आंबोली घाटात रस्त्याकडेच्या घाणेरीवर हे शोधू नका; तिथे नीलवंत (ब्लू मॉरमॉन फुलपाखरू) भेटेल. ट्री निम्फ दक्षिण सह्याद्रीतलं. आमच्या सिंधुदुर्गाच्या आसपास त्याची उत्तरेकडची हद्द संपत येते, म्हणून दाट सदाहरित झाडीच गाठायची.

पाऊस ओसरल्यावर, ऊन वर आलं की वहाळाच्या कडेने सावलीत शिरा आणि मान वर ठेवा. शेंड्यांजवळ पांढरं काहीतरी, पतंगाचा कागद सुटल्यासारखं, पंख जेमतेम हलवत तरंगतं. काळे ठिपके, काळ्या शिरा, पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर. मागे धावू नका, उभे राहा. बऱ्याचदा तेच घिरट्या घेत खाली उतरतं. कॅमेऱ्याआधी दुर्बीण लावा. जळवांसाठी मोज्यांना तंबाखूचं पाणी. आणि गवा दिसला, तर फुलपाखरू राहू दे, आधी मागे फिरा.