नाळेचं रक्त घेताना: पिशवीत पेशी जास्त कशा उतरतील

नाळेच्या रक्ताची माझी पहिली पिशवी बाद झाली होती. बाळ साडेतीन किलोचं, बाईची पहिलीच खेप, नाळ अंगठ्याएवढी जाड, आणि पिशवीत ४० मिलीलिटरही आलं नाही. कारण सुई घातल्यावर मी पिशवी शेजारच्या ट्रॉलीवर ठेवली होती, खाटेच्याच उंचीला. रक्त खाली वाहतं, हे काय कुणी शिकवायचं? पण त्या दिवशी सुचलं नाही खरं.

वडोदऱ्यात लेबर रूममध्ये एकवीस वर्षं काढली. निम्म्या बायका मला ताई म्हणायच्या, निम्म्या बेन. आता दांडिया बाजारातल्या घरी बसून, नव्याने ड्यूटीला लागलेल्या पोरींसाठी हे लिहितेय.

आधी हिशेब समजून घ्या. नाळेच्या रक्तात मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, म्हणून ते आजारी माणसाला देतात. हे रक्त ज्याला द्यायचं, त्याच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी केंद्रक असलेल्या पेशी लागतात, असं साधारण धरतात. दहा किलोच्या पोराला २५ कोटी, साठ किलोच्या माणसाला १५० कोटी. म्हणून अर्धवट भरलेली पिशवी मोठ्या माणसाच्या कामाची नसते. १९८८ मध्ये पॅरिसला नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेही एका लहान मुलावरच. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार होता, आणि रक्त त्याच्या नुकत्या जन्मलेल्या बहिणीच्या नाळेचं होतं.

काही गोष्टी आपल्या हातात नाहीत. बाळ वजनदार, वार मोठी, तर रक्तही जास्त आणि पेशीही जास्त. २००१ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की बाळाचं वजन ५०० ग्रॅमने वाढलं की सीडी-३४ पेशी, म्हणजे ज्यांत खऱ्या मूळपेशी सापडतात त्या, २८ टक्क्यांनी जास्त मिळतात. आधीच्या प्रत्येक बाळंतपणामागे त्या १७ टक्क्यांनी घटतात, आणि गर्भ पोटात राहिल्याच्या दर आठवड्यामागे ९ टक्क्यांनी. म्हणजे पहिलटकरणीचं, दिवस भरताच आलेलं, गुटगुटीत बाळ सगळ्यात चांगलं. कळा फार लांबल्या की बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि एकूण मोजणी फुगते. त्या आकड्यावर भुलू नये, हे रक्त साठवणाऱ्या बँका सीडी-३४ वेगळं मोजतात ते यासाठीच.

आता नाळ कापायची वेळ. इथे माझं मत ठाम आहे. नाळ थोडी थांबून कापली की वारेतलं रक्त बाळाकडे जातं, पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलीलिटरपर्यंत, आणि त्यातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. साहजिकच पिशवीत तेवढं कमी येतं. जागतिक आरोग्य संघटना निदान एक मिनिट थांबायला सांगते. कुणी तुमच्या कानात "सिस्टर, जरा लवकर क्लॅम्प करा ना" म्हणेल. करू नका. उरेल ते घ्यायचं, आणि कमी पडलं तर पडलं.

मात्र क्लॅम्प, म्हणजे नाळ बंद करणारा चिमटा, लागल्यावर दिरंगाई नको. वार अजून पडलेली नसते, गर्भाशय आवळत असतं, तेच रक्त बाहेर ढकलतं. क्लॅम्पपासून वर वीतभर नाळ आयोडिनने पुसा, मग स्पिरिटने, आणि वाळू द्या. ओल्या नाळेत सुई घालणाऱ्या मुलीला आमच्या मेट्रन भर लेबर रूममध्ये झापायच्या. नाळेत दोन धमन्या असतात, बारीक आणि घट्ट. शीर एकच, जाड, निळसर, मऊ. सुई शिरेत घालायची, कापलेल्या टोकाजवळ, तोंड वारेकडे. टोकाजवळ अशासाठी की शीर चपटी झाली तर पुन्हा पुसून वर दुसरी जागा उरते.

पिशवी खाटेच्या पातळीच्या बरीच खाली धरा. आणि हलवत राहा, पाळणा हलवतो तसं, हळू. आत गुठळी होऊ न देणारं द्रव असतं, ते रक्तात मिसळलं नाही तर गुठळ्या धरतात आणि पेशी त्यांतच अडकून जातात. मला वाटतं, अनेक पिशव्या याच आळसापायी वाया जातात. नाळ पांढरी, चपटी, चिंधीसारखी झाली की झालं. वार पडल्यावर ती उंच धरून आणखी थोडं मिळतं, पण जंतू लागायचा धोका वाढतो.

बाईला ताप असेल किंवा पाणी फुटून २४ तास उलटले असतील तर पिशवी उघडूच नका. रक्तस्राव सुरू झाला तर सगळं टाकून आधी बाईकडे बघा. संमतीची सही कळा सुरू व्हायच्या आधी घ्यायची. वेदनेत कण्हणाऱ्या बाईपुढे कागद धरायचा नाही. आणि नातेवाइकांनी "आमच्याच बाळासाठी साठवू का?" असं विचारलं तर सांगा, स्वतःच्या पुढच्या वापरासाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआरनेच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच म्हटलंय.

भरलेली पिशवी बँकेत पोचेपर्यंत बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानाला ठेवा. नवरात्रात एकदा गरब्याच्या गर्दीत कुरिअरचा मुलगा तीन तास अडकला, काही बिघडलं नाही. पण मे महिन्यात एकाने डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि स्वतः जेवायला गेला. त्या पिशवीतल्या जिवंत पेशींचा आकडा मला फोनवर ऐकवत नव्हता.

लेबल खाटेशेजारीच लावा, टेबलावर नेऊन नाही. नाव, नंबर, आणि वेळ न विसरता लिहा. गोठवायला मिळणारे ४८ तास तिथूनच मोजतात.