जेट-स्की धुताना: आधी इंजिन, मग नळ

जेट-स्कीच्या बाजूच्या छिद्रातून पडणारी, इंजिन थंड करून येणाऱ्या पाण्याची धार सुतासारखी बारीक झाली होती. तोंडाशीच मिठाचा पांढरा खडा. मऊ तांब्याच्या तारेने तो फोडला, गोडं पाणी फिरवलं, धार पूर्ववत.

मालवण-तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यातून गाडी वर काढली की इंजिनात गोडं पाणी फिरवायचं हे काम (फ्लशिंग) त्याच दिवशी करा. बाहेरचंच पाणी इंजिनात फिरवणाऱ्या गाडीला बागेचा पाइप फ्लशिंगच्या तोंडाला घट्ट जोडा, नळ बंदच ठेवा. इंजिन चालू करा आणि लगेच नळ सोडा. पाण्याविना पंधरा सेकंदांच्या वर नको. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, तीनेक मिनिटं पुरे. थांबवताना उलट: आधी नळ बंद, मग दोन-चारदा थ्रॉटल देऊन सायलेन्सरमधलं पाणी फुर्रकन बाहेर, आणि लगेच इंजिन बंद.

हा क्रम चुकवू नका, कळकळीने सांगतो. बंद इंजिनात नळ सोडला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात शिरतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

जमिनीवर जास्त वेळ चालवलं तर, ज्या गाडीत असतं तिथे, पंपाकडे जाणाऱ्या शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं कार्बन सीलही कोरडं तापतं. काम उघड्यावर करा, आणि पंपाच्या तोंडाशी हात, ओढणी, पोरं नकोत.