घरबसल्या मानवी जीनोम कसा बघायचा

मानवी जीनोम म्हणजे आपला सगळा डीएनए: ए, सी, जी, टी अशी ३१० कोटी अक्षरं, त्यात २० हजारच्या आसपास जीन (प्रोटीन बनवण्याची कृती लिहिलेले तुकडे), हे आकडे पाठ होतात पण डोळ्यासमोर काही येत नाही. त्यापेक्षा लॅपटॉप उघडा आणि स्वतः बघा, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. (पुण्यात असाल तर गुरुवार सोडून, लाइटचा काय भरवसा.)

पहिलं काम, गुगलवर यूसीएससी (UCSC) जीनोम ब्राउझर शोधा, ही जीनोम नकाशासारखा दाखवणारी वेबसाइट, ह्यूमन निवडा आणि जीनोमचं व्हर्जन एचजी३८ (hg38) ठेवा. सर्च बॉक्समध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये एचबीबी (HBB) टाका. हा हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रोटीनच्या, बीटा साखळीचा जीन, छोटा आहे म्हणून सुरुवातीला बरा.

आता वरची आडवी पट्टी बघा, तो क्रोमोसोम (गुणसूत्र) ११, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांपैकी एक, आणि त्यावरची लाल खूण म्हणजे आपण कुठे आहोत ते. एक अक्षर म्हणजे एक मिलिमीटर धरलं तर हा क्रोमोसोम १३५ किलोमीटरचा, म्हणजे स्वारगेटहून निघून सातारा मागे टाकून कराडच्या अलीकडे संपतो, आणि आपला जीन कात्रजच्याही आधी, पाचेक किलोमीटरवर, जेमतेम १.६ मीटरचा! त्यातही प्रोटीनचा मजकूर ४४४ अक्षरं, म्हणजे हातभर.

खाली जीनचं चित्र दिसेल. जाड ठोकळे म्हणजे एक्सॉनमधला (जीनच्या ठेवल्या जाणाऱ्या तुकड्यांमधला) प्रोटीनचा मजकूर, ठोकळ्यांना जोडणारी बारीक रेघ म्हणजे इंट्रॉन, जो आरएनए (जीनची कामापुरती नक्कल) तयार होताना कापून टाकला जातो. इथे तीन एक्सॉन, दोन इंट्रॉन. बाण डावीकडे आहेत कारण डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर हा जीन आहे, त्यामुळे अक्षरं वाचायची असतील तर खूप झूम करा आणि रिव्हर्सचं बटण दाबा, नाहीतर गोंधळ होतो. सुरुवातीच्याच एका जीएजीचं जीटीजी झालं, म्हणजे फक्त एक अक्षर बदललं, की सिकल सेल हा रक्ताचा आजार, जो आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात बराच आढळतो.

बरेच लोक इथेच थांबतात, पण खरी मजा झूम आउटमध्ये आहे. १००एक्स मागे या. एचबीबीची भावंडं दिसतील, गर्भात चालणारे एचबीजी१ आणि एचबीजी२, त्याही आधी चालणारा एचबीई१, सगळे एका ओळीत. आजूबाजूला ओआरने सुरू होणारी नावं दिसतील, ते वास ओळखणारे जीन, रक्ताशी काही संबंध नाही, नुसते शेजारी. आणि एचबीई१च्या पलीकडे, जिथे प्रोटीनचा एकही जीन दिसत नाही तिथे, एलसीआर नावाचा पट्टा आहे, या सगळ्या भावंडांचा स्विच. तो गेला तर एचबीबी शाबूत असूनही थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आजार) होतो, त्यामुळे कोणी जीन सोडून बाकीच्याला कचरा म्हटलं की मला राग येतो.

मग खालच्या यादीत रिपीटमास्कर (RepeatMasker) शोधून त्याचा पर्याय फुल करा. स्क्रीन खुणांनी भरून जाईल. अल्यू (Alu), लाइन (LINE) वगैरे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, निम्मा जीनोम जवळपास यांचाच, प्रोटीनचा मजकूर एक-दोन टक्के.

हे जमलं की सर्चमध्ये डीएमडी (DMD) टाका, एक्स क्रोमोसोमवरचा २२ लाख अक्षरांचा जीन, ७९ एक्सॉन, आणि जवळजवळ सगळी लांबी इंट्रॉनचीच. शेवटी सीएचआरएम (chrM) टाकून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा) वेगळा डीएनए बघा, १६,५६९ अक्षरांत ३७ जीन, इंट्रॉन एकही नाही.