शिक्षकांना वर्गासाठी छोटी मदत देताय? मग या चुका टाळा

पालकांनी वर्गणी काढायची आणि शिक्षकाला वर्गासाठी हजार-दोन हजार रुपये द्यायचे, यात खरं तर अवघड काही नाही. तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत नवा गट उभा राहतो आणि जुन्या गटाने खाल्लेली माती पुन्हा नव्याने खातो. मी आमच्या गटाची किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, लिहिते. मुलगी शाळेतून बाहेर पडली तरी किर्द माझ्याकडेच राहिली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको असते. आता सोलापुरातल्या इतर शाळांचे पालकही वह्या घेऊन येतात, आणि पहिली दोन पानं उलटली की कुठे काय बिघडलंय ते कळतं.

आधी रकमेबद्दल. "हजार रुपयात काय होतंय ओ?" असं म्हणणारा एक तरी पालक प्रत्येक बैठकीत असतोच. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. आता त्याच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेतून मुलांच्या पटानुसार सगळ्या शाळेला मिळून एकच अनुदान येतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातच वीजबिल, दुरुस्ती, खडू आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. तिसरीच्या बाईंना सुचलेल्या एखाद्या कल्पनेपर्यंत त्यातलं किती पोचत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हा हजार रुपये कमी नाहीत. ते वाया कसे जातात, ते सांगते.

मागितलं एक, दिलं भलतंच

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त लिहिणार.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक शाळा. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरात बोलणं तेलुगूत आणि शाळा मराठी, अशी वर्गातली निम्मी मुलं. पहिलीच्या बाईंनी चित्रकार्डं करायला घेतली होती. वर चित्र, खाली मराठी शब्द, त्याच्याखाली देवनागरीतच तेलुगू शब्द. तेलुगू शब्द त्यांनी मुलांच्या आयांकडून विचारून घेतले होते. चित्रं स्वतः काढलेली. फक्त जाड कार्डशीट आणि लॅमिनेशनला चौदाशे रुपये हवे होते. लॅमिनेशन कशाला? तर पहिलीतलं मूल कार्ड आधी हातात घेतं, मग तोंडात घालतं, आणि वाचन त्यानंतर सुरू होतं.

गटाने काय केलं? बैठकीत कुणीतरी म्हणालं, एकाच वर्गाला कशाला, सगळ्या वर्गांना देऊ. दुसरा म्हणाला, माझ्या ओळखीचा दुकानदार आहे, घाऊक भावात देईल. आले मग छापील तक्ते. प्रत्येक वर्गाला एकच संच, पहिलीलाही तोच आणि चौथीलाही तोच. त्यात इंग्रजी अक्षरं, हिंदी फळं आणि एका तक्त्यावर वाहतुकीची चिन्हं. खर्च बाईंच्या मागणीच्या चौपट. एप्रिलच्या उन्हात भिंत तापली, चिकटपट्टी सुटली आणि तक्ते एकेक करून खाली आले. बाईंनी कार्डं शेवटी पदरच्या पैशाने केली. गटाच्या वहीत मात्र "सर्व वर्गांना शैक्षणिक साहित्य वाटप" अशी ऐटदार नोंद आहे.

यातली गोम अशी की कुणाचीही नियत वाईट नव्हती. सगळ्यांना समान मिळावं, स्वस्तात मिळावं, जास्त दिसावं, एवढंच त्यांना वाटत होतं. पण शिक्षकाने मागितलेल्या वस्तूत त्याचं निरीक्षण असतं. कुठलं मूल कुठे अडतंय हे तो रोज बघतो. तुम्ही त्या जागी सवलतीतली वस्तू ठेवली की निरीक्षण गेलं आणि नुसती खरेदी उरली.

माझी सवय सांगते. मागणीच्या कागदावर वस्तूचं नाव शिक्षकाच्या अक्षरात असतं, आणि त्यात काना-मात्रा बदलायची झाली तरी आधी त्यांना फोन. पैसे कमी असतील तर "निम्मे देतो, चालेल का?" असं विचारते. "त्याऐवजी हे घ्या" असं म्हणत नाही. खरेदीही शिक्षकच करतात. आपण दुकानात गेलो की आपली अक्कल मध्ये येते.

पैसे येतात, पण पाऊस गेल्यावर

दुसऱ्या एका शाळेत पाचवीच्या सरांनी जुलैत पर्जन्यमापकाचं साहित्य मागितलं. प्लास्टिकच्या बाटल्या मुलं आणणार होती. नरसाळी, मोजपात्रं आणि आलेखाच्या वह्या एवढंच विकत घ्यायचं होतं. सोलापूरचा पाऊस आधीच कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणजे वेळ होता. पण गटातले कुणी म्हणाले, गणपती होऊ द्या. गणपती झाले, मग रूपाभवानीचं नवरात्र, मग दिवाळी. मंजुरी आली ती दिवाळीनंतर, कोरड्या ठणठणीत हवेत. सरांनी "धन्यवाद" म्हणून पैसे घेतले, मोजपात्रं कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षी काही मागितलंच नाही. गटाचे अध्यक्ष मला विचारत होते, "सर उत्साही नाहीत का ओ?" मी काय बोलणार!

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच बैठकीत ठराव करून ठेवायचा: दोन हजारांपर्यंतच्या मागणीला बैठक लागणार नाही, दोन पालकांच्या सह्या पुरतील. आठवड्याच्या आत हो किंवा नाही. "नाही" सुद्धा लवकर कळलं तर शिक्षक दुसरा मार्ग शोधतो. "बघू" म्हणणाऱ्या माणसाला मी सह्यांच्या जोडीत घेतच नाही.

चार पानी अर्ज

नव्या गटात हमखास एखादे कंपनीत नोकरी करणारे पालक असतात. ते उद्दिष्टं, अपेक्षित परिणाम, अंमलबजावणीचा आराखडा असे रकाने पाडलेला अर्ज करून आणतात. आठशे रुपयांसाठी! शिक्षकांकडे आधीच शासनाच्या माहितीचे ढीग असतात. माझ्याकडे पाठकोऱ्या कागदावर चार ओळी चालतात: काय हवं, कशासाठी, किती रुपये, कधीपर्यंत. ज्याला याहून जास्त लिहायचंय तो लिहितो, आणि ते वाचायला मजा येते.

फोटो

पैसे २६ जानेवारीला स्टेजवर द्यायचे म्हणून डिसेंबरातली मागणी अडवून ठेवणारे गट मी पाहिलेत. स्वतःच्या वर्गासाठी हजार रुपये मागणाऱ्या शिक्षकाला हार घालून, पाकीट हातात देऊन, "इकडं बघा की ओ सर" करत उभं करायचं, यात त्याचा मान वाढतो असं कुणाला वाटतं कोण जाणे. फोटो काढायचाच असेल तर वस्तू वापरणाऱ्या मुलांच्या हातांचा काढा. आणि "सप्रेम भेट" रंगवायचं असेल तर ते मूळ चित्रापेक्षा मोठं होऊ देऊ नका. मी एका नकाशावर देणगीदाराचं नाव थेट अरबी समुद्रभर पसरलेलं पाहिलंय.

किरकोळ, पण नडणाऱ्या

वर्गणी कुणा एकाच्या खाजगी खात्यावर किंवा फोनवर घेऊ नका. गटाचं खातं नसेल तर दोन नावांचं वेगळं खातं काढा.

वर्गणी सक्तीची करू नका. सरकारी शाळेत आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे. कुणी किती दिले याची यादी फळ्यावर लावणारा गट माझ्या दारात आला तर मी चहासुद्धा देत नाही.

मुख्याध्यापकांना शेवटी कळवू नका, आधी कळवा. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. तिच्या इतिवृत्तात एक ओळ आली की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

प्रिंटर देण्याआधी शाई कोण भरणार ते ठरवा.

"शिक्षक मागतच नाहीत"

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी एकच विचारते: मागच्या वेळी ज्यांनी मागितलं त्यांचं काय झालं? बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. नाहीतर मग असं होतं, की बोलके शिक्षक दरवेळी मागतात आणि घेतात, आणि कोपऱ्यातल्या वर्गातल्या बाई गप्प राहतात. त्यांच्याकडे बैठकीत नव्हे, मधल्या सुट्टीत जावं लागतं. "काही हवंय का?" विचारलं तर "काही नको" म्हणतात. "पदरचे पैसे शेवटचे कशावर घातले?" असं विचारलं की यादी सुरू होते.

आणखी एक अडचण म्हणजे अपेक्षा. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून प्रत्येक गटाला आपल्या शाळेतून तसंच काहीतरी हवंय, तेही याच वर्षी. गुरुजींनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली, हे मात्र कुणाला आठवत नाही. पंधराशे रुपये देऊन तीन महिन्यांत "निकाल काय?" विचारणाऱ्या पालकाला मी मणीमाळेपुढे बसवते. शंभर मणी, दहा-दहाचे दोन रंग. दशक-एकक पक्कं व्हायला दुसरीतल्या मुलाला किती वेळ लागतो ते त्याने स्वतः बघावं.

पावती नसेल तर

चांगल्या शिक्षकाची निम्मी खरेदी बिल न देणाऱ्यांकडून होते. मोजायला चिंचोके, शिंप्याकडून चिंध्या, सुताराकडून लाकडाचे ठोकळे. "पक्कं बिल आणा" म्हटलं की तो शिक्षक पुढच्या वेळी बिल मिळणारी निरुपयोगी वस्तू आणतो. साध्या कागदावर वस्तू, रक्कम, तारीख, देणाऱ्या-घेणाऱ्याची सही, एवढं व्हाउचर मला पुरतं. पाचशेच्या पुढे मात्र मी बिल सोडत नाही, मग ते कितीही ओळखीचं दुकान असो.

बदली

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते आणि मग वाद लागतो की साहित्याची पेटी शाळेची की गुरुजींची. वस्तू टिकाऊ असेल तर आली त्याच दिवशी शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरला चढवा. कार्डशीट, रंग, चिंचोके असल्या संपणाऱ्या वस्तू चढवू नका, नाहीतर फुटलेल्या खडूचाही हिशेब द्यावा लागेल या भीतीने सगळं कुलूपबंद कपाटात जाऊन बसतं. आणि गुरुजींनी स्वतः केलेली कार्डं ते घेऊन जाऊ म्हणाले तर जाऊ द्या. नव्या शाळेतही मुलंच आहेत.

मार्चची घाई

मार्च उजाडला की शिल्लक दिसते आणि गटाचे हात शिवशिवतात. मग भिंतीवर घड्याळं येतात. वर्गणीची शिल्लक ३१ मार्चला परत जात नसते, ती काही सरकारी अनुदान नव्हे. मी ती तशीच पुढच्या वर्षाच्या पानावर ओढते आणि जूनमध्ये पहिली मागणी येईल त्या शिक्षकाला त्याच आठवड्यात देऊन टाकते.