माजाचं चक्र शिकताना आधी सीएल समजून घ्या

गायीचं प्रजननचक्र अभ्यासाला आलं की बहुतेक जण मेंदूपासून सुरुवात करतात: जीएनआरएच, मग एफएसएच, एलएच ही बीजकोशाला चालना देणारी संप्रेरकं. परीक्षेपुरतं जमतं, गोठ्यात मात्र काही सुचत नाही. म्हणून नव्या मुलांना मी उलट्या टोकाने शिकायला सांगते. आधी सीएल, म्हणजे पीतपिंड: बीजांड सुटल्यावर बीजकोशात त्याच जागी तयार होणारी गाठ.

चक्र साधारण 21 दिवसांचं. त्यातले बहुतेक दिवस सीएलमधून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल असतो. या काळातही फॉलिकलच्या, म्हणजे बीजांड पोटात असलेल्या बीजकोशावरच्या फोडांच्या, दोन-तीन लाटा येतात, पण एलएच उसळी घेत नाही आणि मोठं झालेलं फॉलिकल जिरून जातं. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, सीएल विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं. आता त्या वेळी वाढत असलेल्या फॉलिकलचं इस्ट्रोजेन चढतं, गाय माजावर येते, योनीतून काचेसारखा सोट (पारदर्शक चिकट स्राव) दिसतो. पाठोपाठ एलएचची उसळी आणि माज सुरू झाल्यावर सुमारे 24 ते 30 तासांनी बीजांड सुटतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, हा नियम इथूनच आला.

गाय गाभण असेल तर? जेमतेम दोन-अडीच आठवड्यांचा भ्रूण इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन सोडून ते प्रोस्टाग्लँडिनच अडवतो. इतका चिमुकला जीव स्वतःचा सीएल स्वतः राखतो, याचं मला आजही नवल वाटतं!

गुदमार्गातून हात घालून तपासताना घाई नको. बीजकोश बोटांत अलगद धरा. फॉलिकल गुळगुळीत, पाण्याने भरलेल्या फोडासारखं दबतं. पक्व सीएल त्यापेक्षा घट्ट लागतो आणि बऱ्याचदा त्याचं टोक बीजकोशाच्या वर आलेलं असतं. सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतील. सोनोग्राफीची सोय असेल तर बोटांना जे वाटलं ते लगेच पडद्यावर पडताळून पाहा.

ही ओळख पटली की औषधांचं गणित सुटतं. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन सीएल नसलेल्या गायीला माजावर आणत नाही, आणि माजानंतरच्या पहिल्या पाचेक दिवसांत कोवळा सीएल त्याला दाद देत नाही. ओव्हसिंकमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी रेतन करता यावं म्हणून द्यायच्या इंजेक्शनांच्या क्रमात, आधी जीएनआरएच आणि सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन का, तेही यातूनच उलगडतं. गाभण गायीला हेच इंजेक्शन गर्भपात घडवू शकतं, म्हणून गाभणपणाची खात्री आधी. ते त्वचेतूनही शोषलं जातं; गरोदर स्त्रिया आणि दमेकऱ्यांनी त्याची हाताळणी टाळावी, बाकीच्यांनी हातमोजे घालावेत.