जुनी एन्टरप्राइज आणि गळकी गच्ची: दोन्ही कामं एकाच हंगामात

घराची गच्ची गळते आहे आणि पार्किंगमध्ये जुनी एन्टरप्राइज, म्हणजे दोघांची शिडाची होडी, उपडी पडली आहे, तर हातात रंधा घ्यायच्या आधी कॅलेंडर घ्या. होडीचं प्लायवूड आणि गच्चीचा कोबा, दोघांचं वैर ओलीशीच. दोघांनाही कोरडे दिवस लागतात आणि कोकण-मुंबईत ते नोव्हेंबर ते मे एवढेच मिळतात. कामं अर्धवट राहतात ती बहुतेक वेळा दोन्ही एकदम उघडून बसल्यामुळे. गच्ची फोडलेली, होडीच्या तळाला भोक पाडलेलं आणि मे महिना संपत आलेला, अशी वेळ आली की दोन्हींवर ताडपत्री टाकून पुढचा हिवाळा बघावा लागतो. म्हणून एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट उघडी ठेवायची. ती पाणीबंद झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी होडीचा तळ. फेब्रुवारी ते एप्रिल गच्ची आणि बाहेरच्या भिंतींच्या भेगा. मे महिन्यात होडीचा रंग. पावसाळ्यात सुकाणू, सेंटरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी), शिडांची शिवण, दोर आणि घरातली विजेची किरकोळ कामं. घराला आतून रंग द्यायचं काम पावसाळ्यात काढू नका. नवा गिलावा तर नीट वाळायलाच महिनाभर घेतो, त्याआधी रंग दिला की फुगे येतात.

इथे एन्टरप्राइज गृहीत धरली आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही दोघांची होडी: लांबी ४.०४ मीटर, रुंदी १.६ मीटर, शिडं निळी. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या, त्यात हा वर्ग होता. तिचा आराखडाच मुळी हौशी माणसाने घरी प्लायच्या पट्ट्या जोडून बांधावी असा आहे, त्यामुळे दुरुस्तीही घरी होते. बाजूला कोपर (दोन पट्ट्या कोनात जुळतात ती कड) असलेली, सपाट पट्ट्यांची होडी असेल तर पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू पडेल. पूर्ण फायबरची असेल तर सांध्यांचा आणि प्लायचा भाग सोडून द्या.

घ्यायच्या आधी

होडी विकत घेणार असाल किंवा पडलेली तपासायची असेल, तर टोकदार पेचकस आणि स्टीलचा चमचा पुरे. चमच्याच्या दांड्याने तळ ठोकत जा. निरोगी प्लाय टणटण वाजतं, कुजलेलं भदभद. पेचकस चार ठिकाणी नक्की टोचा: मागच्या फळीचे खालचे दोन कोपरे, सेंटरबोर्डच्या पेटीचा तळाशी सांधा, डोलकाठी टेकते ती जागा, आणि बाजूच्या तारा जिथे बांधतात त्या पट्ट्यांमागचं लाकूड. पेचकस लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तेवढा भाग कापावाच लागेल. तळाच्या मधोमध लांबीभर गेलेला लाकडी कणाच कुजला असेल तर होडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

होडी कुठल्या पाण्यात होती तेही विचारा. खाऱ्या पाण्यात लाकूड बरं टिकतं आणि धातू जातो. धरणाच्या गोड्या पाण्यात किंवा पावसाचं पाणी साचून पडलेल्या होडीत उलट: खिळे-बोल्ट चकचकीत आणि लाकडाचा भुसा. मग वजन करा. होडी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टेकवून त्यांच्याखाली दोन बाथरूम-काटे ठेवायचे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून घोड्यांचं वजन वजा करायचं. रिकाम्या होडीचं वजन नव्वद किलोंच्या थोडं वर असावं. एकशेदहा भरलं तर प्लायमध्ये पाणी मुरलं आहे, नाहीतर आधीच्या मालकांनी रंगावर रंग चढवले आहेत.

वाळवणं

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत जास्त चुकणारा. खाऱ्या पाण्यातली होडी आधी गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. मीठ लाकडात राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं आणि होडी कधीच वाळत नाही. फिटिंगं काढा, होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांची झाकणं उघडा, रंग खरवडा आणि वारा खेळेल अशी उपडी ठेवा. तीन-चार आठवडे धरून चला. कडक उन्हात थेट ठेवलीत तर प्लायचे पापुद्रे सुटतात. सावली आणि वारा हवा.

वाळली का ते पाहायला हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि २४ तासांनी बघा. आतून दव धरलं तर अजून थांबा. हीच चाचणी भिंतीला रंग देण्याआधीही करता येते. ओल मोजायचं यंत्र घेतलंत तर ते दोन्हीकडे उपयोगी पडतं. लाकडात १२ टक्क्यांच्या खाली आकडा आला की सांधायला हरकत नाही.

कुजका भाग बदलणं

कुजलेल्या जागेच्या पलीकडे निदान ५ सेंटिमीटर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा. आधी मूळ प्लायची जाडी मोजा. ती सहा मिलिमीटर असेल तर कडेला ४८ मिलिमीटर लांब उतार काढायचा, म्हणजे जाडीच्या आठपट. नव्या तुकड्यालाही तेवढाच उतार. नुसता काटकोनात बसवलेला तुकडा पहिल्या लाटेला सांध्यावर चिरतो, कारण जोर घ्यायला तिथे चिकटायची जागाच नसते. उतार काढताना रंधा धारदार हवा. प्लायच्या थरांच्या रेघा समांतर दिसू लागल्या की उतार सरळ आला. रेघा वळल्या तर तिथे खोलगट झालं आहे.

प्लाय आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचं मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारं, घ्या. स्वयंपाकघराच्या कपाटातून उरलेलं साधं प्लाय इथे लावायचा मोह होतो. सहा महिन्यांत ते पुस्तकासारखं उघडतं.

चिकटवायला एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून करायचा डिंक. आधी दोन्ही उतारांना नुसतं पातळ एपॉक्सी पाजा, दहा मिनिटं थांबा, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण लावा. थेट घट्टच लावलं तर लाकूड त्यातलं पातळ पिऊन टाकतं आणि सांधा कोरडा राहतो. शिकंज्याखाली प्लॅस्टिक ठेवा, नाहीतर शिकंजाच होडीचा भाग होईल. जोर बेताचा लावा. कडेने थोडं मिश्रण बाहेर आलं की पुरे, फार आवळलं तर सगळंच बाहेर येतं.

एपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवा, आणि ते वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. एक ग्रॅम दाखवणारा काटा वापरा. ‘हार्डनर जास्त घातलं की लवकर वाळतं’ हे इथे खरं नाही. ती पॉलिएस्टर रेझिनवाल्यांची सवय. एपॉक्सी तसं केलं तर चिकटच राहतं आणि खरवडून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. कपात ठेवलं तर आपल्याच उष्णतेने उकळतं, धूर येतो, कप वितळतो.

बोल्टची भोकं ही पाणी शिरायची मुख्य वाट. पाच मिलिमीटरच्या बोल्टसाठी आठ-दहा मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट एपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध पाचचं भोक पाडा. मग बोल्टभोवती लाकूड उघडं राहतच नाही. कामाला वेळ लागतो, पण पुढची पाच वर्षं त्यावर अवलंबून आहेत.

फायबरचं काम करणाऱ्याकडे होडी दिलीत तर रेझिन कुठलं वापरणार ते आधी विचारा. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते पॉलिएस्टर जुन्या प्लायला नीट धरत नाही, सालीसारखं सुटून येतं.

तळाला हात देणं

कोपरांवर ५० मिलिमीटर रुंद काचकापडाची पट्टी लावा. दोन्ही बाजूंची दोन-दोन कोपरं आणि मागची फळी धरून २० मीटर पट्टी लागते. त्यावर संपूर्ण तळाला आणि बाजूंना एपॉक्सीचे तीन हात. क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर, दर हाताला चौरस मीटरमागे १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे दोन-सव्वादोन किलो. पट्टी, सांधे आणि वाया जाणारं धरून एकूण चार किलो आणा. सोबत ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, पाव किलो सिलिका, शंभर हातमोजे.

उघड्या लाकडाला पहिला हात दुपारनंतर, हवा गार होऊ लागली की द्या. सकाळी दिला तर ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे उठतात. पुढचे हात आधीचा थोडा चिकट असतानाच द्यायचे. दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर दिसला तर आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पेपर मारा. नाहीतर ते मेण पेपरने आत घासलं जातं आणि रंग धरत नाही.

घर आणि होडी यांच्यात काय फिरवू नये

भिंतीची लांबी (पुट्टी) होडीला लावू नका, ती पाणी पिते. सुतारकामाचा साधा पांढरा डिंक पाण्याखाली मऊ पडतो. जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू नकोत, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत. आणि बाथरूमचं सिलिकॉन तर होडीपासून दूरच ठेवा. त्याचा पुसट थर लागला तरी तिथे रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. सिलिकॉन हाताळलेल्या मोज्यांनी होडीला हात लावू नका. फिटिंगांखाली पॉलियुरेथेन सीलंट वापरा.

होडीला घासकाम चालू असेल त्या दिवशी घरात रंगकाम नको, धूळ ओल्या रंगावरच बसते. काचकापडाची धूळ सोसायटीत शेजाऱ्यांनाही नको असते. पाणी लावून घासलं तर निम्मं भांडण मिटतं. उलट दिशेने मात्र एक गोष्ट खुशाल फिरवा: बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा पाय अगदी मागच्या फळीसारखाच कुजतो. पाणी खालून चढतं, बाहेरून रंग शाबूत आणि आत भुसा. तोही तसाच उतार काढून, एपॉक्सीने जोडता येतो. शनिवारी संध्याकाळी होडीला हात दिलात की उरलेल्या मिश्रणात चौकट बसते.

रंग

एपॉक्सी उन्हात खराब होतं, त्यामुळे रंग हवाच. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन सगळ्यांत टिकाऊ, पण तो फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनापासून साधा मास्क वाचवत नाही. रोलरने लावा आणि मोकळ्या हवेत लावा. घरच्या दारांचा ऑइलपेंट उरला असेल तर तोही चालतो. मात्र ताज्या एपॉक्सीवर तो महिनामहिना चिकट राहू शकतो. दोन आठवडे थांबा, धुवा, पेपर मारा, वितभर जागेवर लावून बघा, मगच पुढे. प्रायमर एक लिटर आणि वरचा रंग दीड लिटर पुरतो. होडी जमिनीवर ठेवणार असाल तर शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या रंगावर पैसे घालू नका.

तारा आणि शिडं

डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे धागा तुटलेला आहे, ती तार बदला. दाबून बसवलेल्या टोकाशी तपकिरी गंज दिसला तरी बदला, कारण तुटते ती तिथेच. ॲल्युमिनियमवर स्टेनलेसची फिटिंगं असतील तर मध्ये सीलंटचा थर किंवा प्लॅस्टिकची चकती हवी, नाहीतर पांढरी भुकटी सुटते. शिडं कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. वॉशिंग मशीन नको.

पाण्यात सोडायच्या आधी होडीच्या आत दोन बादल्या पाणी ओता आणि बाहेरून कोरड्या कागदाने सांधे टिपा. मग कमरेएवढ्या पाण्यात, अंगात लाइफ जॅकेट घालून, होडी एकेका कुशीवर दहा-दहा मिनिटं उलटवून धरा आणि टाक्यांत किती पाणी शिरलं ते मोजा. पेलाभर चालेल. बादलीभर असेल तर झाकणाची रबरी कडी बदलून पुन्हा तेच करा.

ठेवताना उपडी, नाळ (पुढचं टोक) थोडी वर, बूच काढलेलं, टाक्यांची झाकणं उघडी. आणि जुलैत बाथरूमचं दार चौकटीत अडकू लागलं तर रंधा मारू नका. ते लाकूडही फुगलेलं आहे, डिसेंबरात तिथे बोटभर फट पडेल.